कॅसेटींसाठी हवाबंद डबा: पावसाळ्यात पास, नवतप्यात नापास

टीव्ही गेमच्या जुन्या ६० पिनांच्या कॅसेटी जपायला भांड्यांच्या दुकानात मिळणारा १० लिटरचा क्लिपवाला डबा बरा पडतो. ४५-५० कॅसेटी उभ्या मावतात. घेताना तळ बघा, त्रिकोणात ५ आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, तोच घ्या. घरी आणल्यावर अर्धा डबा पाणी भरून १० मिनिटं उलटा ठेवा. कडेला थेंब आला तर झाकणातली सिलिकॉनची रिंग नीट बसत नाही, डबा परत करा.

ओलाव्यापुरता हा डबा चोख. १० लिटर हवेत भर पावसाळ्यातही अर्धा ग्रॅम पाणी नसतं आणि आत ठेवलेलं ५० ग्रॅम सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषणारे दाणे, त्याच्या कितीतरी पट पाणी धरतं. जेल संपवतो तो आपलाच हात, दर रविवारी झाकण उघडणारा. निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या तव्यावर मंद आचेवर निळे होईपर्यंत परता. तो तवा पुन्हा स्वयंपाकात नको, कारण त्या निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं. आणि मृग लागल्यावर कॅसेटी भरू नका. मे महिन्यातली कोरडी दुपार धरा, कूलरच्या खोलीत मात्र नको, तिथे उन्हाळ्यातही हवा दमट असते.

नवतप्यातल्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांतल्या, उष्णतेपुढे मात्र डबा काहीच करत नाही. कॅसेटचं कवच एबीएस नावाच्या प्लॅस्टिकचं. त्यातला रबरासारखा घटक ऊन आणि उष्णतेत हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून कडक होतो, म्हणून कवच पिवळं पडतं आणि कडकन मोडतं. डब्यात हवा असतेच, त्यामुळे हे थांबत नाही, फार तर मंदावतं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, टिनाखालचा सज्जा त्याहून तापतो. तिथे लेबलचा गोंद पाझरतो आणि कडा वळतात. डबा खाली, दिवाणाच्या पोटात किंवा मातीच्या भिंतीलगतच्या आलमारीत, वरून काळं कापड घालून ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच कॅसेटी मुळातच पिवळ्या, त्यामुळे रंगावरून काही कळत नाही. खरी खूण म्हणजे जोडाजवळ उमटलेल्या पांढऱ्या रेषा.

डब्यात डांबराच्या गोळ्या टाकणारे बरेच आहेत. झुरळं येऊ नयेत हा हेतू चांगला, पण नॅफ्थलीनची वाफ बंद जागेत साचून प्लॅस्टिक मऊ करते. रबरबँडही नको, उन्हाळ्यात तो वितळून चिकटतो. पॉलिथिनची झिपवाली पिशवी चालते. मऊ, वास मारणारी पीव्हीसीची पिशवी चालत नाही, तिच्यातलं तेलकट द्रव्य कवचात उतरतं.

भरण्याआधी पिना ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने पुसा. फुंकर मारू नका, थुंकीच्या ओलाव्याने तांबं हिरवं पडतं. खोडरबर अगदी शेवटचा उपाय, स्वस्त कॅसेटींवरचा मुलामा इतका पातळ असतो की चार घासण्यांत जातो. ॲसिटोन, म्हणजे नेलपॉलिश काढायचं पाणी, कवचाला लागलं की ते विरघळतं.

ओलाव्यासाठी १० पैकी ८ गुण, उष्णतेसाठी ३. कवच उघडायचंच असेल तर डिसेंबरातल्या सकाळी उघडू नका. थंडीत आतले खटके पटकन तुटतात. दुपारी कॅसेट तासभर खोलीत राहू द्या, मग जुनं एटीएम कार्ड जोडात सरकवून एकेक खटका सोडवा.