‘वन वीक’: चुकलेल्या आकड्यांचे घर

अमेरिकी विनोदी नट-दिग्दर्शक बस्टर कीटनचा ‘वन वीक’ हा दोन रिळांचा मूकपट १९२० साली प्रदर्शित झाला. रॉस्को आर्बकल या नट-दिग्दर्शकाच्या विनोदी लघुपटांत उमेदवारी केल्यानंतर कीटनने स्वतंत्रपणे लोकांसमोर आणलेला हा पहिलाच लघुपट. दिग्दर्शनात एडवर्ड क्लाइन त्याचा भागीदार होता. कथा एका ओळीची आहे. नवविवाहित जोडप्याला भेट म्हणून जमिनीचा तुकडा आणि पेट्यांमध्ये भरलेले, क्रमांकानुसार जोडायचे लाकडी घर मिळते. नवरीने नाकारलेला एक इसम त्या पेट्यांवरचे क्रमांक गुपचूप बदलतो आणि नवरा (खुद्द कीटन) सूचनांचे निष्ठेने पालन करत एक वाकडेतिकडे, अशक्य वाटणारे घर उभारतो.

या चित्रपटाचे वेगळेपण असे की, येथे विनोद नटाच्या चाळ्यांतून नव्हे, तर वस्तूंच्या वागण्यातून निर्माण होतो. पियानो आत ओढण्यासाठी दोर छताला अडकवला, की पियानो जागचा हलत नाही, छतच खाली वाकते आणि त्याचा परिणाम वरच्या मजल्यावरच्या माणसाला भोगावा लागतो. गालिचा ठोकून झाल्यावर आपला कोट त्याखालीच राहिल्याचे लक्षात येते, तेव्हा कीटन गालिचा कापून कोट बाहेर काढतो आणि कापलेल्या तुकड्याचे पायपुसणे करतो. प्रत्येक उपाय त्या क्षणी तर्कशुद्धच असतो. फक्त तो पुढच्या संकटाची सोय करून ठेवतो. घर प्रत्यक्ष आकाराचे बांधलेले असल्यामुळे, वादळात ते गरगर फिरू लागते तेव्हा त्याचे वजन प्रेक्षकाला जाणवते. न्हाणीघराचे दार उघडून कीटन थेट बाहेर, वरच्या मजल्यावरून जमिनीवर पडतो, तेही चेहऱ्यावरची रेषा न हलवता.

सिबिल सीलीने साकारलेली नवरी हे या लघुपटाचे दुसरे बलस्थान आहे. त्या काळच्या अनेक विनोदी लघुपटांत नायिकेला किंचाळण्यापलीकडे फारसे काम नसे. येथे ती नवऱ्याच्या बरोबरीने राबते, त्याच्यावर चिडते आणि पुन्हा कामाला लागते. स्नानाच्या प्रसंगात साबण टबाबाहेर पडतो, तेव्हा कॅमेऱ्यासमोर मधेच हात आडवा धरून भिंगच झाकण्याची युक्ती तर आजही खट्याळ वाटते.

उणिवा आहेत. क्रमांक बदलणारा तो इसम कथेला गती देऊन पुढे जवळजवळ विसरला जातो, आणि वादळाचा प्रसंग गमतीदार असला तरी थोडा लांबला आहे. मात्र त्यानंतर घर चुकीच्या जागेवर बांधल्याचे उघड होते, कारण जागेची पाटी उलटी होती (इंग्रजी आकड्यांत ६६ उलटे केले की ९९ होतात), तेव्हा पेट्यांवरच्या क्रमांकांनी सुरू झालेला घोटाळा पुन्हा आकड्यांवरच येऊन ठेपतो; ही बांधणी फार चतुर आहे. रेल्वेमार्गावरचा शेवट येथे सांगत नाही. आपण सुटकेचा निःश्वास नेमका कधी टाकणार, हे कीटनला ठाऊक होते, एवढेच म्हणतो.

२००८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत (जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत) समाविष्ट झालेला हा मूकपट पाहताना प्रत मात्र निवडून घ्यावी. वेगवेगळ्या प्रतींना वेगवेगळे संगीत जोडलेले असते, आणि अनावश्यक वेगाने पळणाऱ्या प्रतीत कीटनचे अचूक कालभान हरवते. स्वच्छ चित्र, साधी पियानोची साथ आणि स्वाभाविक गती असलेली प्रत मिळाल्यास तीच पाहावी.