'एफएफबी' दिसलं म्हणून कार्ड थ्रीडी ठरत नाही : अल्ट्रा 60 घेताना झालेली फसवणूक

मुंबईतल्या जुन्या यंत्रांच्या एका व्यापाऱ्याकडून मी सन कंपनीचं अल्ट्रा 60 वर्कस्टेशन 18,000 रुपयांना घेतलं. 1997 साली आलेलं मॉडेल. आमच्या सरांनी सोलारिसवर (सनची ऑपरेटिंग सिस्टिम) लिहिलेला, रेणू फिरवून दाखवणारा ओपनजीएलचा (त्रिमितीय चित्रं काढायची लायब्ररी) प्रोग्रॅम मला त्याच जातीच्या यंत्रावर पुन्हा चालवायचा होता. म्हणून माझी अट एकच होती : आत क्रिएटर थ्रीडी हे ग्राफिक्स कार्ड हवं. नेमकं तिथेच मला फसवलं.

क्रिएटर आणि क्रिएटर थ्रीडी ही दोन वेगळी कार्डं आहेत. साध्या क्रिएटरमध्ये चित्रासाठी एकच बफर, म्हणजे चित्र साठवायची मेमरी. थ्रीडीमध्ये दोन, शिवाय झेड-बफर, म्हणजे कुठला पृष्ठभाग पुढे आणि कुठला मागे याची नोंद कार्डच ठेवतं. पण दोन्ही एकाच घराण्यातली, आणि यंत्र दोघांनाही 'एफएफबी' याच नावानं ओळखतं. मला हे माहीत नव्हतं. व्यापाऱ्याला नक्की माहीत होतं.

दुकानात यंत्राला डिस्क नव्हती, त्यामुळे सोलारिस चालवून बघता येत नव्हतं. व्यापारी म्हणाला, "साहेब, डेटा जाऊ नये म्हणून कंपनीवाले डिस्क काढूनच देतात. आणि या 13डब्ल्यू3 कनेक्टरचा मॉनिटर आता मिळतो कुठे?" दोन्ही कारणं पटण्यासारखी होती. त्यानं कीबोर्ड न लावता यंत्र चालू केलं. कीबोर्ड नसला की सनचं यंत्र सगळं सिरियल पोर्टवर पाठवतं. 25 पिनांच्या त्या पोर्टला लॅपटॉप जोडला, वेग 9600, आणि डिस्कशिवायही कमांड घेणारा यंत्राचा 'ओके' प्रॉम्प्ट उमटला. तिथे 'शो-डिस्प्लेज' ही कमांड दिल्यावर यादीत एफएफबी आलं. "हे बघा, थ्रीडी." कार्डाच्या पट्टीवर तसं लेबलही होतं. जोडीला त्यानं दोन फोटो दाखवले, 'हेच यंत्र डिस्क असताना' म्हणून. एकात यंत्र चालू होताना दिसणारा माहितीचा बॅनर, दुसऱ्यात सोलारिसमधल्या 'एफएफबीकॉन्फिग -पीआरकॉन्फ' या कमांडचं उत्तर : डबल-बफर्ड, झेड-बफरसह. मी पैसे मोजले.

घरी माझ्याकडची 80 पिनांची स्कझी डिस्क घातली, सोलारिस चढवलं, तीच कमांड दिली. उत्तर आलं, सिंगल-बफर्ड, म्हणजे साधं क्रिएटर. विश्वास बसेना म्हणून यंत्रातल्या भागांची माहिती देणारी 'पीआरटीडायग -व्ही' चालवली. तिनंही तेच सांगितलं. सरांचा रेणू अडखळत, थांबत फिरत होता. कार्डावर झेड-बफर नाही म्हटल्यावर ते सगळं ओझं प्रोसेसरवर पडत होतं.

मग फोटो पुन्हा काढून बघितले. बॅनरमधला होस्ट आयडी, म्हणजे यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक, माझ्या यंत्राच्या होस्ट आयडीशी जुळत नव्हता. फोन केला तर म्हणाला, "एनव्हीरॅमची चिप बदलली असेल." होस्ट आयडी त्या चिपमध्येच असतो, त्यामुळे हे अगदी अशक्य नाही. पण चिप बदलल्यानं कार्डावरचा बफर नाहीसा होत नाही. हे बोलल्यावर त्यानं फोन ठेवला, पुन्हा उचलला नाही.

असं यंत्र घ्यायला जाल तेव्हा सोलारिस घातलेली डिस्क आणि सिरियल केबल स्वतःची न्या, आणि पैसे देण्याआधी ती 'एफएफबीकॉन्फिग'ची कमांड तुमच्यासमोर चालू द्या. मॉनिटर लागत नाही, उत्तर सिरियलवरही येतं. वेळ नसेल तर निदान कार्ड बाहेर काढून त्यावरच्या स्टिकरचा 501 ने सुरू होणारा पार्ट क्रमांक टिपून घ्या, त्यावरून कार्ड कुठलं ते कळतं. पट्टीवरचं लेबल कुणीही चिकटवू शकतो. फोटोवर भिस्त ठेवावीच लागली तर होस्ट आयडी आणि कार्डाची माहिती एकाच फोटोत मागा, आणि यंत्र हातात आल्याबरोबर आयडी ताडून पाहा.

मी अजून क्रिएटर थ्रीडी शोधतो आहे. सर आता पंच्याऐंशीचे आहेत, आणि तो रेणू त्यांना एकदा नीट फिरताना दाखवायचा आहे.