रोज एक, आठवड्याला एक की महिन्याला एक? फोटो चॅलेंज निवडताना

हातात नवा कॅमेरा आला किंवा नवं वर्ष जवळ आलं की मनात येतं, यंदा एखादं फोटो चॅलेंज नेमानं करायचं. मग प्रश्न पडतो, कुठलं? रोज एक फोटो असं ३६५ दिवसांचं, आठवड्याला एक विषय असं ५२ आठवड्यांचं, की महिनाभर एकच विषय आणि शेवटी एकच फोटो? मी तिन्ही करून पाहिली आहेत. पहिलं ९४ दिवसांनी सुटलं, दुसरं ३७ आठवड्यांनी, तिसऱ्याचं आता चौथं वर्ष चालू आहे. माझा कल एवढ्यावरूनच कळेल. पण तुमची नोकरी, घर, सवड माझ्यासारखी असेलच असं नाही, म्हणून तिन्हींबद्दल सांगतो.

रोजच्या चॅलेंजला मी आजही नावं ठेवणार नाही. १ जानेवारीला सुरू केलं आणि ४ एप्रिलपर्यंत एकही दिवस चुकवला नाही. त्या तीन महिन्यांत बोटांना जी सवय लागली ती एरवी लागली नसती. डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेला असतानाच आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) बदलायचा, मागे पांढरी भिंत असली की न सांगता एक्स्पोजर (फोटोतला उजेड) थोडं चढवायचं, सायकलवाला वळणावर दिसताच शटर कितीवर हवं ते हातालाच कळायचं. कॅमेरा नवा असेल तर तीन महिने हे कराच, असं मी म्हणेन. घरात तान्हं बाळ असेल तर वर्षभर करा. बाळ रोज बदलतं आणि त्या फोटोंची किंमत पुढे कळते.

माझी अडचण मार्चमध्ये सुरू झाली. ऑफिसात मार्चअखेरची कामं, घरी यायला रात्रीचे नऊ-साडेनऊ, आणि अकरा वाजता आठवायचं की आजचा फोटो राहिलाय. मग चहाचा कप, पंखा, देवघरातली समई. समई अकरा वेळा झाली. समई सुंदरच आहे, पण मी तिच्याकडे बघत नव्हतो, घड्याळाकडे बघत होतो. ९५ व्या दिवशी थांबलो.

त्यानंतर आठवड्याचं धरलं, आणि ते मनापासून आवडलं. रविवारी सकाळी विषय यायचा, शनिवारी रात्रीपर्यंत फोटो द्यायचा. विषय अगदी भिन्न असायचे: रेषा, प्रतिबिंब, एकच रंग, मागून येणारा प्रकाश. जे मी आपण होऊन कधी केलं नसतं ते करायला लागलो. पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यातलं प्रतिबिंब टिपण्यासाठी कॅमेरा जमिनीला टेकवून आडवं झालो, पॅनिंग (पळत्या वस्तूबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढणं) शिकलो. एकाच विषयावर बाकीच्यांनी काय केलं ते लगेच बघायला मिळायचं, त्यातून बरंच शिकता आलं. ज्यांना वेगवेगळं करून बघायचंय आणि आठवड्यात दोन-तीन संध्याकाळी मोकळ्या आहेत, त्यांना कदाचित हेच सर्वांत योग्य ठरेल.

मग मी ते का सोडलं? एकाच गोष्टीसाठी.

विषय होता ‘हात’. मी पुण्यातल्या कसबा पेठेत तांबट आळीत गेलो. तिथं अजूनही तांब्याची भांडी हातानं ठोकून घडवतात. हंड्यावर, घागरीवर सारख्या अंतरानं उमटलेले ते चकचकीत ठोके, म्हणजे मठारकाम, तुम्ही पाहिलं असेल. एका दुकानात एक वयस्क कारागीर बसले होते. परवानगी विचारली, त्यांनी मान हलवली. मी शटर १/५०० सेकंदावर, म्हणजे खूप वेगात ठेवून फोटो घेतला. घरी येऊन पाहतो तर हातोडी भांड्यावर नुसती ठेवल्यासारखी दिसत होती. ठोका कुठेच नव्हता. शिवाय ते कारागीर बाबा कॅमेऱ्यासाठी किंचित ताठ बसलेले. आणि मी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते, दारातून आत येणारा प्रकाश उंबऱ्याबाहेर सरकला होता. काय चुकलं ते सगळं मला कळलं होतं: शटर सावकाश, १/६० च्या आसपास हवं, म्हणजे हलती हातोडी थोडी पुसट येते, सकाळी नऊच्या आत पोचायला हवं, आणि बाबांना माझी सवय व्हायला हवी. पण नोकरीमुळे आठवड्यात माझा दिवस एकच, रविवार, आणि तो गेला होता. शनिवारी मी तोच फोटो दिला. चार लोकांनी छान म्हटलं. दुसऱ्या दिवशी नवा विषय आला: ‘पिवळा’.

हे पुढे दर आठवड्याला बोचत राहिलं. चूक कळायची आणि ती सुधारायला परत जाता यायचं नाही. पहिल्या फेरीत आपण जागा बघतो. फोटो दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीत मिळतो, निदान माझं तरी तसं आहे. आठवड्याच्या वेळापत्रकात ती दुसरी फेरीच बसत नव्हती.

पुढच्या वर्षी महिन्याच्या चॅलेंजमध्ये नाव दिलं. तिसऱ्याच महिन्यात विषय आला ‘कारागीर’. पुन्हा तांबट आळी. यावेळी चार रविवार गेलो. पहिल्या दिवशी १/३० वर हातोडीबरोबर चेहराही हलला. दुसऱ्या दिवशी १/६० ठेवलं, हातोडीचा फक्त वरचा भाग पुसट आला, पण मी उभा राहिल्यानं भांड्याचं तोंड दिसत नव्हतं. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, “आलात होय? बसा इथं, हे पोतं घ्या.” पोत्यावर बसल्यावर डोळे त्यांच्या मनगटाच्या उंचीला आले. तिथून पहिल्यांदा दिसलं की ते हातोडी एकाच जागी मारतात आणि डाव्या हातानं भांडं बोटभर फिरवत नेतात. सगळं कसब त्या डाव्या हातात होतं. चौथ्या रविवारी मी फोटो काढला तो डाव्या हाताचा. अंगठ्याच्या बाजूला पडलेला घट्टा, तांब्यावर पडलेली त्याची छाया आणि फ्रेमच्या वरच्या कोपऱ्यात हातोडीची पुसट रेघ. बाबांनी तो कागदावर छापून मागितला, तो मी नेऊन दिला.

महिन्याच्या मुदतीचा आणखी एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. महिन्यात पंचांग बसतं. पौर्णिमा, अमावास्या, एखादा सण, ऋतू बदलण्याचे चार दिवस. मे महिन्यात एकदा विषय होता ‘सावली’. आपल्याकडे मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो. दक्षिणेला सावंतवाडीकडे महिन्याच्या सुरुवातीला, पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास, धुळ्याकडे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि पुण्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या वस्तूची सावली तिच्या पायातच विरते. आईनं गच्चीवर जुन्या साडीवर कुरडया घातल्या होत्या, शेजारी वाळणाच्या तारेचा लोखंडी खांब. मी आदल्या दिवशी तालीम केली, नेमक्या दिवशी दुपारी ढग आला, तिसऱ्या दिवशी फोटो मिळाला. एक दिवस मागेपुढे झाला तरी मीटरभर उंचीच्या खांबाची सावली जेमतेम चार-पाच मिलिमीटरची असते, डोळ्यांना फरक कळत नाही. खांबाला सावली नाही, आणि कुरड्यांच्या वेटोळ्यांच्या मात्र त्यांच्याच पोटाखाली गोळा झालेल्या बारीक काळ्या रेषा. हाच विषय आठवड्याच्या चॅलेंजमध्ये एप्रिलच्या शेवटी आला असता तर हा फोटो झालाच नसता.

महिन्याच्या चॅलेंजचेही तोटे आहेत. सर्वांत मोठा म्हणजे ‘अजून वेळ आहे’. आमच्या चॅलेंजच्या गटातले निम्मे लोक २५ तारखेपर्यंत कॅमेरा उघडत नाहीत, आणि मग त्यांचं महिन्याचं चॅलेंज पाच दिवसांचं होतं. स्वतःला शिस्त लावणं जमत नसेल तर आठवड्याची मुदत बरी. दुसरं, वेळ जास्त मिळाला की एडिटिंगही जास्त होतं. ‘कारागीर’चा फोटो मी चार वेळा एडिट केला आणि शेवटी पहिलाच पाठवला. तिसरं, विषय आवडला नाही तर महिना लांब वाटतो. मला ‘मिनिमलिझम’ (फ्रेममध्ये कमीत कमी गोष्टी) हा विषय असाच जड गेला होता.

महिन्याचं निवडलंत तर नाव देण्याआधी एक नियम जरूर विचारा: फोटो त्याच महिन्यात काढलेला हवा की जुना चालतो? जुना चालत असेल तर बरेच जण हार्ड डिस्क चाळत बसतात आणि बाहेर कुणी पडत नाही. मी अशा एका गटात वर्षभर होतो. फोटो उत्तम यायचे, पण माझ्या स्वतःच्या फोटोंत काही बदललं नाही. सध्याच्या गटात त्याच महिन्याची अट आहे आणि एक्झिफमधली, म्हणजे कॅमेरा फोटोच्या फाइलमध्ये जी माहिती नोंदवतो तिच्यातली, तारीख पाहतात. त्यामुळे कॅमेऱ्याचं घड्याळ नीट लावून ठेवा. बॅटरी बराच काळ काढून ठेवली तर काही कॅमेऱ्यांची तारीख पार मागे जाते. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर एक्झिफ जातं, फोटोही लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मोबाइल की कॅमेरा हा वाद इथं फारसा येत नाही. आमच्या गटात दोघी कायम मोबाइलवरच काढतात, आणि त्यांच्या काही फोटोंपुढे माझे फिके वाटतात.

तेव्हा कॅमेरा अजून हाताला सरावला नसेल तर आधी तीन महिने रोजचं करा, मग निर्णय घ्या. वेगवेगळे प्रकार हाताळायचे असतील आणि सवड असेल तर आठवड्याचं. पण घरी येऊन फोटो पाहताना ‘आणखी एकदा जायला हवं’ असं तुम्हाला वारंवार वाटत असेल, तर मला वाटतं महिन्याचंच घ्या.

या महिन्याचा आमचा विषय ‘उंबरठा’ आहे. पहिल्या रविवारी मी कसब्यातल्या तीन जुन्या वाड्यांचे उंबरे नुसते बघून आलो. एकाच्या मधोमध पावलांनी झिजून खोलगट झालं आहे आणि सकाळी साडेसातला त्या खोलगट्यात ऊन साठतं. कॅमेरा पिशवीतच होता. येत्या रविवारी जाणार आहे.