पिवळा ८३०बी मल्टिमीटर: दहा महिने वापरल्यानंतर

पुण्यात बुधवार पेठेतून अडीचशे रुपयांना घेतला. घरचा इन्व्हर्टर, स्कूटर, पंखे आणि मुलीचे शाळेचे प्रोजेक्ट, एवढंच काम. दहा महिन्यांत बहुतेक दर आठवड्याला हातात आला.

डीसी व्होल्टेजला हा मीटर भरवशाचा आहे. मित्राच्या चौपट किमतीच्या मीटरशेजारी लावून पाहिला, १२ व्होल्टच्या बॅटरीवर फरक ०.०५ चा. स्कूटर सकाळी सेल्फ घेत नव्हती तेव्हा बॅटरीवर १२.६ दिसले, म्हणजे बॅटरी ठीक. टर्मिनलं घासली, काम झालं. नव्या बॅटरीचा खर्च वाचला, यातच मीटरची किंमत वसूल.

पण जूनमध्ये त्यानेच घाबरवलं. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर १५.८ व्होल्ट! चार्जर गेला समजून मेकॅनिकला फोन केला. त्याने आधी विचारलं, "दादा, मीटरचा सेल कधी बदललाय?" नवा ९ व्होल्टचा सेल टाकला, तर आकडा १३.९. मीटर आतल्या एका ठरावीक व्होल्टेजशी तुलना करून आकडा काढतो. सेल फार उतरला की ते आतलं व्होल्टेजच घसरतं आणि समोरचा आकडा फुगतो. मीटर आपोआप बंद होत नाही, त्यामुळे चालू राहून सेल संपणं रोजचंच. तेव्हापासून एक कोरा अल्कलाइन पेन्सिल सेल डब्यात ठेवला आहे. आधी तो मोजायचा, १.६ च्या आसपास आला तरच पुढचं काम.

सोबत आलेल्या वायरी चौथ्या महिन्यात मुळाशी तुटल्या. त्यांच्यावर १००० व्होल्ट छापलं होतं, पण आवरण इतकं पातळ की घरच्या २३० व्होल्टलाही मी त्या लावल्या नसत्या. वेगळ्या सिलिकॉनच्या वायरी घ्याच.

मोठा करंट मोजायच्या १० अँपिअरच्या भोकाला आत फ्यूज नाही, हे पुढेच बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. लाल वायर तिथे राहिली आणि तुम्ही प्लगचं व्होल्टेज बघायला गेलात, तर तो सरळ शॉर्ट. करंट मोजून झाला की लाल वायर आधी परत व्होल्टच्या भोकात. डीबीच्या, म्हणजे घराच्या मुख्य स्विचच्या पेटीत मी हा मीटर अजिबात नेत नाही, तिथे चांगल्या फ्यूजचा, कॅट ३ वाला (अशा पेटीवर वापरण्याच्या सुरक्षा दर्जाचा) मीटर हवा.

वायर सलग असली की वाजणारा बजर नाही, तुटलेली वायर शोधताना सारखं स्क्रीनकडे बघावं लागतं. कंडेन्सरही मोजता येत नाही. हॉलमधला पंखा हळू फिरत होता, २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर मित्राच्या मीटरवर १.४ भरला. तुमचं काम मुख्यतः पंख्यांचं आणि मोटरचं असेल तर थोडे पैसे वाढवून कंडेन्सर मोजणारा, बजरवाला आणि आपोआप बंद होणाराच घ्या. नुसत्या बॅटऱ्या, अडॅप्टर आणि मुलांच्या सर्किटसाठी मात्र हाच मी परत घेईन.