स्पेअर पार्ट्स ऐकलं आणि सायबरमेनची परत भीती वाटायला लागली

डॉक्टर हू ही ब्रिटिश विज्ञानकथा मालिका बघणाऱ्यांना सायबरमेनची (यंत्राचे अवयव बसवून भावना काढून टाकलेली माणसं) भीती वाटत नसेल तर त्यात त्यांचा काही दोष नाही. १९६६ साली 'द टेन्थ प्लॅनेट'मध्ये ते पहिल्यांदा आले तेव्हा तोंडावर कापड, हात चक्क माणसाचे उघडे, आणि बोलताना सूर भलत्याच शब्दावर चढायचा, काहीतरी बिघडलेलं माणूस बोलतंय असं वाटायचं. पुढे चिलखत जसं चकचकीत होत गेलं तशी भीती पातळ होत गेली. मग त्यांना सोनं बाधतं असं काहीतरी काढलं आणि १९८८ च्या 'सिल्व्हर नेमेसिस'मध्ये तर एस ही पोरगी गलोलीने सोन्याची नाणी मारून त्यांना आडवं करते. गलोलीने मरतो त्याला कोण घाबरणार सांगा.

म्हणून बिग फिनिश या ऑडिओ कंपनीचा 'स्पेअर पार्ट्स' हा ऑडिओ ड्रामा लावताना माझ्या फार काही अपेक्षा नव्हत्या. २००२ चा आहे, मार्क प्लॅटने लिहिलाय, पीटर डेव्हिसनचा पाचवा डॉक्टर (मालिकेचा काळात फिरणारा नायक, नट बदलत राहतात) आणि त्याची सोबतीण, सारा सटनची नीसा. चार भाग, दोनेक तास. तेव्हा मालिका टीव्हीवर चालू नव्हती, १९८९ लाच थांबलेली, मधे १९९६ चा एक टीव्ही सिनेमा तेवढा, त्यामुळे 'पुढच्या सीझनला हे लागतील, जास्त काही करू नका' असं म्हणणारं कोणी नव्हतं बहुतेक, आणि ते ऐकताना जाणवतं.

गोष्ट मॉन्डासवर घडते. मॉन्डास म्हणजे पृथ्वीचा जुळा ग्रह, सूर्यापासून भरकटत लांब गेलेला, आणि उरलेले लोक जमिनीखालच्या एका शहरात राहतात. शहर कसं, तर १९५० च्या आसपासचं इंग्लंड, साधी कामकरी कुटुंबं, धापा टाकणारी माणसं, आणि चोरून अवयव विकणारा डॉड नावाचा एक इसम. ग्रह ताब्यात ठेवायचा तर कोणीतरी वर पृष्ठभागावर जाऊन काम करायला हवं, पण वर गेलेली माणसं उघडं आकाश बघून वेडी होतात. मग उपाय काय? शरीर मजबूत करा आणि भावना काढून टाका. झाले सायबरमेन. कोणाला जग जिंकायचं नाहीये, कोणी खदाखदा हसत नाहीये, समोर एक अडचण आहे आणि एक थकलेली, दारू पिणारी बाई, डॉक्टरमन हुद्द्याची ॲलन, ती सोडवतेय (सॅली नायव्हेटने काय केलंय काम, तिला स्वतःचीच किळस येतेय हे प्रत्येक वाक्यात ऐकू येतं). सायबरमेनच्या जनकांपैकी एक, किट पेडलर, स्वतः वैद्यकीय संशोधक होते, माणसाचे सुटे भाग बदलत गेलो तर माणूस कुठे संपतो ही त्यांची मूळ धास्ती होती, प्लॅटने फक्त तिच्यावर चढलेला मुलामा खरवडून काढलाय.

आणि मग इव्हॉन हार्टली, अशाच एका कामकरी घरातली पोरगी. तिच्या भावाला, फ्रँकला, वरच्या कामावर भरती व्हायची भारी हौस, पण बोलावणं येतं ते छातीने नाजूक असलेल्या इव्हॉनला. नंतर ती घरी परत येते. अर्धवट प्रक्रिया झालेली, त्या अवजड शरीरात, त्या वरखाली जाणाऱ्या आवाजात, आणि तिच्या वडिलांना हळूहळू कळतं की समोर काय उभंय. यात ना किंकाळी, ना बंदूक, बाप आपल्या पोरीशी बोलतोय, बस. मी हेडफोन काढून ठेवले आणि थोड्या वेळाने परत लावले. पुढे काय होतं ते सांगत नाही. ऑडिओ असल्याचा फायदा इथे कळतो, कारण टीव्हीवर तुम्हाला सूट दिसला असता, झिप कुठे आहे ते शोधलं असतं, इथे फक्त आवाज आहे आणि त्याच्या आतली पोरगी तुम्हालाच उभी करावी लागते. सायबरमेनचा आवाज देणाऱ्या निक ब्रिग्सने १९६६ चाच तो विचित्र सूर परत आणलाय, कधीकाळी तो ऐकून हसू यायचं, इथे येत नाही.

नाहीतर अशा जोडकथांमध्ये राक्षस भयंकर करायचा म्हणजे त्यांची संख्या वाढवायची, नवा सम्राट आणायचा, मोठं जहाज, वर एखादा ग्रह उडवायचा, झालं. फोडणीत मोहरी वाढवली म्हणून शिळी आमटी ताजी होत नाही.

कुरकुर पण आहे. शहर चालवणाऱ्या मध्यवर्ती समितीचे प्रसंग लांबलेत, एकाच वेळी दोन-तीन सायबरमेन बोलायला लागले की निम्मे शब्द निसटतात, आणि शेवटाकडे डॉक्टरच्याच शरीररचनेवरून सायबरमेनचा पक्का आराखडा तयार होतो ते मला नाही पटलं. इतका वेळ सांगितलं की माणसं स्वतःहून इथवर आली, मग सगळ्याच्या मुळाशी परत डॉक्टरच कशाला? नीसाचं मात्र पटतं, तिचा सोबती ॲड्रिक 'अर्थशॉक' या टीव्ही कथेत सायबरमेनमुळे मेलाय, तिला हा इतिहास बदलायचाय आणि डॉक्टर कचरतोय, ते भांडण खरं वाटतं.

२००६ च्या 'राइज ऑफ द सायबरमेन' या टीव्ही एपिसोडमध्ये मार्क प्लॅटचे आभार मानलेत, पण तिथे बुटांची धाडधाड जास्त आणि इव्हॉनसारखं कोणी नाही. डालेक, म्हणजे मालिकेतले दुसरे प्रसिद्ध राक्षस, ज्यांना आवडतात त्यांच्यासाठी बिग फिनिशचाच, रॉब शिअरमनचा 'ज्युबिली' (२००३) आहे, तिथे डालेक म्हणजे लोकांना खेळणं आणि टवाळीचा विषय झालाय, सुरुवातच एका भडक सिनेमाच्या खोट्या ट्रेलरने होते, आणि तिकडे टॉवर ऑफ लंडनमध्ये एक खराखुरा डालेक कोंडलेला. २००५ चा टीव्हीवरचा 'डालेक' एपिसोड त्याच्यावरूनच आला. पण 'ज्युबिली' बराच ओरडतो, मला स्पेअर पार्ट्स वरचढ वाटतं.

बिग फिनिशच्या साइटवर डाउनलोड मिळतं. मालिका अजिबात माहीत नसेल तर आधी 'द टेन्थ प्लॅनेट' बघा, त्याचा चौथा भाग हरवलाय, डीव्हीडीवर ॲनिमेशन करून घातलाय, पण सायबरमेनचा आवाज कानात बसायला पहिले तीन पुरे आहेत.