शॉवरच्या दाराचे रोलर 'सॅम्पल' म्हणून नेऊ देऊ नका

घोडबंदर रोडला आमच्याकडे बाथरूमच्या सरकत्या काचेचं दार एका बाजूने खाली आलं आणि अर्ध्यात अडकायला लागलं. आईने कंपनीचं नाव टाकून शोधलं. 'अधिकृत सर्व्हिस सेंटर' म्हणून जो नंबर सगळ्यात वर आला, तो कंपनीचा नव्हताच, पण हे नंतर कळलं. व्हिजिट चार्ज ३५०, काम केलं तर बिलातून वजा, असं गोड बोलणं.

आलेल्या माणसाने टॉर्च मारली आणि निदान सांगून टाकलं, "मावशी, काच वाकलीय. वर्कशॉपला नेऊन खालून दोन एमएम घासावी लागेल. रोलरचा सेटपण गेलाय." ही शुद्ध थाप. शॉवरची काच टफन्ड असते. कापणं, भोकं पाडणं, कडा घासणं हे सगळं आधी होतं, मग ती भट्टीत तापवून झटक्यात थंड करतात. त्यानंतर कापायला गेलात तर चुरा होतो. आणि दार सरकवून सरकवून काच वाकते, हे तर मी पहिल्यांदाच ऐकलं!

पण खरी मेख पुढेच आहे. त्याने दार उतरवून भिंतीला टेकवलं (तेही कोपरा थेट लादीवर, टफन्ड काच कोपऱ्यावर मार बसला की अख्खी फुटते, खाली निदान पुठ्ठा तरी घालायचा), वरचे दोन्ही रोलर काढले आणि खिशात टाकले. "हा साइज मिळत नाही, सॅम्पल दाखवावं लागेल." एकूण ८,४०० रुपये, त्यातले ५,००० आगाऊ. रोलर त्याच्या खिशात, बाथरूम बंद, घरात दुसरं कुणी नाही. आईने यूपीआय केलं. नाव आलं भलत्याच कुणाचं तरी. पावती म्हणजे वहीचं फाडलेलं पान, त्यावर ना पत्ता ना जीएसटी नंबर. मग "गोडाऊन बंद आहे", मग नुसतीच रिंग, मग फोन बंद.

शेवटी नौपाड्यातल्या काचवाल्याला बोलावलं. दुसऱ्या बाथरूमला तसंच दार आहे, त्याचा एक रोलर काढून त्याने माप घेतलं. चाकाचा व्यास, काचेची जाडी, भोकाचा साइज, बस्स. रोलर अडीचशेला एक, हार्डवेअरच्या दुकानात मिळाले. बसवताना त्याने मला दाखवलं: रोलरच्या चकतीतलं स्क्रूचं भोक मधोमध नसतं, जरा बाजूला असतं. स्क्रू सैल करून चकती फिरवली की दार तेवढ्या बाजूला काही मिलिमीटर वर-खाली होतं. दार उचलून धरायला एक जण आणि हातात एलन की (सहा कोनांची L आकाराची चावी), बस्स. आमचं दार एका बाजूने उतरलं होतं, म्हणजे बहुतेक हाच स्क्रू ढिला झाला असणार. जुने रोलर घरात असते तर ते पडताळता आलं असतं.

कंपनीचा खरा नंबर दाराबरोबर आलेल्या वॉरंटी कार्डावर होता. तिथे विचारलं तर त्या नावाचा कुणी माणूसच नाही म्हणाले. यूपीआयचा व्यवहार क्रमांक देऊन सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, तक्रार नोंदवली आहे, ग्राहक हेल्पलाइन १९१५ लाही कळवलं आहे. पैसे अजून आलेले नाहीत. तो नंबर मात्र अजूनही सर्चमध्ये वरतीच येतो. ठाण्यात कुणाचं दार अडकलं असेल तर आधी कार्ड शोधा.