घरचा ट्रॅक्टर की भाड्याचा?

भांडुपला राहून गावच्या शेतीचा हिशोब मांडायचा म्हणजे फोनवरच. साताऱ्याकडे आमची पाच एकर. भाऊ म्हणतो, आठ लाखांचा नवा ट्रॅक्टर घेऊ. दोन लाख तू दे, बाकीचं कर्ज काढतो.

सहा लाख, ११ टक्के व्याज, पाच वर्षं धरली तर वर्षाला साधारण १ लाख ५६ हजारांचे हप्ते. डिझेल, विमा, दुरुस्ती वेगळी. भाड्याने नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी मिळून एकरी सात हजार धरले तरी वर्षाचे पस्तीस हजार, आणि त्यात डिझेल-ड्रायव्हर आलेच. २०१५-१६च्या कृषी गणनेत राज्यातली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे साधारण ३.३ एकर होती, आमच्याहूनही कमी. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला खरा, पण एवढ्याने हा हिशोब उलटत नाही.

भावाचं एक म्हणणं मात्र मला मनापासून पटतं. वापसा आला, म्हणजे पावसानंतर जमीन पेरणीजोगी झाली, की सगळ्या गावाला ट्रॅक्टर एकाच दिवशी हवा असतो. आपली पाळी येईपर्यंत ओल उडते, पेरणी लांबते, आणि ते नुकसान कुठल्याच वहीत चढत नाही. त्या दोन दिवसांसाठी घरचा ट्रॅक्टर हवाच वाटतो.

तरी माझं मत असं: दुसऱ्यांची तीस-पस्तीस एकरांची कामं दरवर्षी नक्की मिळणार असतील आणि भाऊ स्वतः चालवणार असेल, तरच नवा घ्यावा. नाहीतर माझे दोन लाख ठिबकला घालू, असं मी त्याला सांगितलंय.